पाळीव जनावरं आणि कायदा: सातारा-सांगलीतून सारखे विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागच्या अपार्टमेंटपासून माण-खटावच्या वस्तीपर्यंत जनावरांवरून होणाऱ्या भांडणांचे मेसेज वर्षभर येत असतात, त्यातले बरेचसे तेच ते असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. कुत्रं पाळणाऱ्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला, दोघांनाही उपयोग व्हावा असं लिहायचा प्रयत्न केलाय. एक गोष्ट बहुतेक उत्तरांत येईल ती आधीच सांगतो. कोर्टात शेवटी हेच बघितलं जातं की मालकानं काळजी घेतली होती का, आणि घेतली असली तर त्याचा कागद आहे का.

१. कुत्रा पाळायला लायसन्स लागतंच का? आमच्या गल्लीत कुणाकडंच नाहीये.

हे तुमचं घर कुणाच्या हद्दीत आहे त्यावर आहे. सांगली-मिरज-कुपवाडला महापालिका आहे, तिला १९४९ चा महापालिका कायदा लागतो, आणि साताऱ्याला नगरपरिषद, तिला १९६५ चा नगरपरिषद कायदा. दोन्ही कायद्यांत कुत्र्यांवर कर लावायचा अधिकार दिलेला आहे, नोंदणी आणि फी मात्र स्थानिक ठरावानुसार चालते, त्यामुळं आरोग्य विभागात जाऊन आत्ताचा नियम विचारायचा आणि नोंदणी होत असेल तर करून पावती घ्यायची. जाताना रेबीज लसीचं कार्ड बरोबर ठेवा.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत बहुतेक ठिकाणी असं काही नसतं, पण लसीचं कार्ड तिथंही हवंच. पहिली लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर आणि मग डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस. उद्या काही झालं तर समोरचा वकील पहिल्यांदा हेच कार्ड मागतो. गल्लीत कुणाकडं नाही हे उत्तर कोर्टात चालत नाही.

२. सोसायटीनं मिटिंगमध्ये ठराव केला की यापुढं कुणी कुत्रं पाळायचं नाही, असलेलं महिन्यात काढायचं. ठराव बहुमतानं झालाय, मग मानावाच लागेल ना?

नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं फेब्रुवारी २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात स्पष्ट आहे की बहुमत असलं तरी पाळीव जनावरांवर सरसकट बंदी घालता येत नाही, कुत्र्याची जात किंवा आकार बघून भेदभाव करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. या सूचना म्हणजे कायद्याचं कलम नव्हे हे खरं, पण केरळ हायकोर्टानं २०२१ मध्ये अशा बंदीची कलमं बेकायदेशीर ठरवली होती आणि तो निकाल आपल्याकडंही दाखवता येतो.

विश्रामबागेतल्या एका बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या दारावर "कुत्र्यांना बंदी, दंड ५०० रु." असा कागद चिकटवलेला होता आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला, ज्याच्या मागच्या पायात ताकद उरली नव्हती, टॉवेलची झोळी पोटाखाली घालून जिन्यानं उतरवत होत्या, दिवसातनं दोनदा. त्या कागदाला कसलाच आधार नव्हता. सेक्रेटरीला सूचनांची प्रत जोडून एक पानी पत्र दिलं, आठवड्यात कागद निघाला.

सोसायटी काय सांगू शकते ते पण ऐका. कॉमन जागेत दोरी लावा, घाण उचला, लहान पोरं खेळायच्या वेळेला बागेत आणू नका. यात चुकीचं काही नाही, आणि हे पाळत नसाल तर पुढं तुमचीच बाजू लंगडी पडते.

ऐकलंच नाही तर पुढचा रस्ता बिल्डिंगच्या नोंदणीवर ठरतो. सहकारी सोसायटी असेल तर आधी उपनिबंधकांकडं तक्रार, आणि वाद सोसायटीच्या कारभाराचा असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. पण आपल्याकडं बऱ्याच बिल्डिंगा १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, त्यांना कलम ९१ लागत नाही, दिवाणी कोर्टात जायला लागतं (प्रश्न ७). लोक सोसायटी-सोसायटी म्हणत असतात आणि कागद बघितला की अपार्टमेंट निघतं, म्हणून आधी कागद बघा.

३. भाड्याचं घर आहे. मालक म्हणतोय मांजर काढ नाहीतर घर सोड.

करार काढून बघा. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात जनावर पाळायचं नाही असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे, ती अट तुम्ही मान्य केलीय. सोसायटीची बंदी आणि घरमालकाची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्रश्न २ चं उत्तर इथं जसंच्या तसं लागत नाही. करारात काहीच नसेल तर नुसतं मांजर आहे म्हणून मुदतीआधी बाहेर काढणं अवघड. जुने पागडीवाले किंवा भाडे नियंत्रण कायद्याखालचे भाडेकरू असाल तर १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव होणं हे घर खाली करायचं एक कारण आहे, पण तो उपद्रव मालकाला पुराव्यानं सिद्ध करायला लागतो. नवीन करार करताना "एक मांजर आहे" अशी ओळ घालून घ्या, भांडण जागेवर मिटतं.

४. शेजाऱ्याचं कुत्रं रात्रभर भुंकतं. आईला बीपी आहे, झोप नाही. कुणाकडं जायचं?

कुत्रं भुंकणारच, कोर्ट पण तेच म्हणतं. उपद्रव ठरवताना बघतात की साधारण माणसाला, म्हणजे अगदी हळव्या माणसाला नव्हे आणि ज्याला कशाचंच काही वाटत नाही अशाला पण नव्हे, राहणं मुश्किल होईल इतकं ते आहे का. पोस्टमन आला की दोन मिनिटं भुंकणं हा उपद्रव नाही, रोज रात्री अकरा ते चार म्हणजे आहे.

आधी प्रत्यक्ष बोला आणि कुत्रं का भुंकतंय ते बघा. बहुतेक वेळा ते गच्चीवर किंवा पोर्चमध्ये आखूड साखळीला असतं, दिवसभर कुणी फिरवत नाही, मग रात्री प्रत्येक मोटरसायकलवर ओरडतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम ११ खाली आखूड किंवा जड साखळीला जास्त वेळ बांधून ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हीच क्रूरता धरलीय, हे लोकांना माहीतच नसतं. म्हणजे तुमची झोप आणि त्या कुत्र्याचे हाल ही एकच तक्रार असते. साताऱ्यात शाहूपुरीकडच्या एका भांडणात पत्र्याच्या शेडखाली तीन फुटी साखळीला असलेलं कुत्रं खाली अंगणात आणलं, लांब दोरी लावली, संध्याकाळी मालकाच्या पोराबरोबर अर्धा तास चक्कर सुरू झाली आणि दोन्ही घरं झोपायला लागली, वकिलापर्यंत जायची वेळच आली नाही.

बोलून झालं नाही तर लेखी पत्र, त्याची पोच घ्यायची. सोबत वही ठेवा, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, घरात कोण जागं होतं. मोबाईलवर रेकॉर्डिंग करा पण ते कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, म्हणून मूळ मोबाईल विकू नका, फाईल डिलीट करू नका.

त्यानंतर दोन रस्ते आहेत. एक, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज (पूर्वी सीआरपीसीत हेच कलम १३३ होतं), पण तो सार्वजनिक उपद्रवासाठी आहे, म्हणजे गल्लीतल्या चार घरांना त्रास असेल तर उपयोगी. दुसरा, फक्त तुमच्याच घराला त्रास असेल तर दिवाणी कोर्टात मनाईचा दावा, तो कसा चालतो ते प्रश्न ७ मध्ये.

५. पोलिसांत गेलो तर "हे दिवाणी मॅटर आहे" म्हणून एनसी (अदखलपात्र नोंद) देऊन परत पाठवलं. बरोबर आहे का?

अर्ध्या वेळा बरोबर असतं. भुंकणं, घाण, पार्किंगमध्ये कुत्रं बांधणं यात पोलिसांना थेट फारसं करता येत नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम २९१ खाली, म्हणजे आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून घ्यायची काळजी मुद्दाम किंवा हलगर्जीपणानं घेतली नाही, तर तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चावा घेतलेला असताना नुसती एनसी दिली तर हे कलम नाव घेऊन सांगा आणि लेखी अर्ज द्या. तरी घेत नसतील तर पोस्टानं एसपी साहेबांना अर्ज आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडं.

क्रूरतेच्या कायद्यात मात्र कलम ११ चे बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १० ते ५० रुपये आहे. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला आकडा, अजून तसाच आहे. जीव घेण्यासारखं काही झालं असेल तर म्हणून नुसत्या त्या कायद्यावर थांबायचं नाही, प्रश्न ११ बघा.

६. आमच्या कुत्र्यानं शेजारच्या मुलाला चावलं. आमची चूक किती आणि पैसे किती द्यावे लागतील?

आधी मुलाकडं बघा. जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सिव्हिलला न्या, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय, नाहीतर जवळचं ग्रामीण रुग्णालय. हळद-चुना लावू नका. लसीचे डोस दिलेल्या तारखांनाच पूर्ण करा, आणि जखम खोल असेल तर इम्युनोग्लोबुलिनबद्दल डॉक्टरांना विचारा. तुमच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड लगेच त्यांच्या हातात द्या, त्यांचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडतो.

आता जबाबदारी. कुत्रं हे माणसाळलेलं जनावर, म्हणून त्यानं चावलं की मालक आपोआप दोषी असं दिवाणी कायदा धरत नाही. दोन गोष्टी बघितल्या जातात. पहिली, हे कुत्रं चावरं आहे हे मालकाला आधी माहीत होतं का, म्हणजे पूर्वी कुणाला चावलंय का, कुणी तक्रार केली होती का, गेटवर "कुत्र्यापासून सावध" पाटी होती का. पाटीनं जबाबदारी संपते असं लोकांना वाटतं, उलट वकील तीच पाटी दाखवून म्हणतो की यांना माहीत होतं. म्हणून पाटी काढा असं नाही, पाटी आणि बंद गेट दोन्ही पाहिजे. दुसरी गोष्ट निष्काळजीपणा, म्हणजे दोरी होती का, गेट उघडं कुणी टाकलं, कुत्र्याला न आवरू शकणाऱ्या लहान पोराच्या हातात दोरी दिली होती का.

मुलानं दगड मारले होते, किंवा कुणी कंपाऊंडवरून उडी मारून आत आलं होतं, तर जबाबदारी कमी होते किंवा जातेच. पण चार-पाच वर्षाच्या पोराला "त्यानं डिवचलं" म्हणून दोष देणारा बचाव कोर्टात फार टिकत नाही.

पैशाचा ठरलेला तक्ता नाही. औषधाची बिलं, बुडालेला पगार, आईवडिलांच्या खाड्याची मजुरी, वेदना, चेहऱ्यावर व्रण राहिला असेल तर त्याची भरपाई, असं मिळून मागतात आणि सिद्ध होईल तेवढं मिळतं. माझं म्हणणं असं की पहिल्या दिवशीच दवाखान्याचा खर्च आपण होऊन उचला, बिलं दोन्हीकडं ठेवा, आणि पैसे दिल्याचा साधा कागद करा. खर्च उचलला म्हणजे गुन्हा कबूल केला असं नव्हे, कागदात "माणुसकी म्हणून, हक्क राखून" एवढं लिहा.

फौजदारी बाजू वेगळी चालते. मुंबईत २०१० मध्ये एका रॉटवायलरनं ज्येष्ठ नागरिकाला चावलं होतं, त्या मालकाला मॅजिस्ट्रेट कोर्टानं २०२३ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा दिली. तेरा वर्षं दोन्ही बाजू तारखा करत होत्या.

७. दिवाणी दावा नेमका चालतो कसा? किती वर्षं, किती खर्च?

सुरुवात वकिलाच्या नोटिशीनं होते. खाजगी माणसावर दावा करायला नोटीस सक्तीची नाही, पण बरेच वाद तिथंच मिटतात म्हणून द्यावी. पंधरा दिवस वाट बघून दावा. तो जिथं घटना घडली किंवा समोरचा राहतो तिथल्या कोर्टात, म्हणजे कराडचं भांडण कराडला, विट्याचं विट्याला, सांगली शहरातलं विजयनगरला. रकमेनुसार कनिष्ठ स्तर किंवा वरिष्ठ स्तर. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी बसते, म्हणून रागात दहा लाख लिहू नका, सिद्ध होईल तेवढंच मागा.

भुंकण्याच्या किंवा घाणीच्या भांडणात पैशापेक्षा मनाई महत्त्वाची. दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज देतात, कोर्टात सगळे त्याला "निशाणी पाच" म्हणतात. त्यात तीन गोष्टी बघतात: सकृतदर्शनी केस आहे का, मनाई दिली नाही तर कुणाला जास्त अडचण होईल, आणि पैशानं भरून न येणारं नुकसान होतंय का. दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात पण निशाणी पाच त्यामानानं लवकर निघते, आणि खरं सांगायचं तर या भांडणांत लढाई तिथंच होते. गरज पडली तर कोर्ट कमिशनर पाठवायचा अर्ज द्या, तो येऊन शेड कुठं आहे, खिडकीपासून अंतर किती, गटार कुठं जातं हे मोजून नकाशा देतो, त्याचा रिपोर्ट दहा साक्षीदारांना भारी पडतो.

मग समन्स, बेलीफ येतो. प्रतिवादीनं तीस दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची, कोर्टाच्या परवानगीनं नव्वदपर्यंत जाते. मुद्दे काढले जातात, मग सरतपासाचं शपथपत्र (आपली साक्ष लेखी), उलटतपास, युक्तिवाद, हुकूमनामा. वहीवरच्या नोंदी, डॉक्टरांची बिलं, लसीचं कार्ड सगळं उलटतपासात निघतं. निकाल मान्य नसेल तर जिल्हा कोर्टात तीस दिवसांत अपील. मनाई असून कुणी मोडली तर तात्पुरत्या मनाईच्या बाबतीत मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

मुदत: चाव्याच्या भरपाईला साधारण तीन वर्षं धरतात. उपद्रव रोजच चालू असेल तर रोज नवीन कारण तयार होतं, तिथं मुदतीची भीती कमी.

पैसे नसतील म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाईन १५१००. आणि लोकअदालतीला प्रकरण ठेवायला कचरू नका, तिथला तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

८. वकिलाची नोटीस आलीय, "कुत्रा सात दिवसांत हलवा". घाबरून गावाला पाठवून देऊ का?

नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. पण केराच्या टोपलीत पण टाकू नका, लेखी उत्तर द्या, लसीचं कार्ड आणि नोंदणीची पावती जोडा. समोरचा थेट मनाई आणेल असं वाटत असेल तर कोर्टात कॅव्हेट टाका, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश होत नाही, ते नव्वद दिवस चालतं. समन्स आल्यावर गैरहजर राहू नका, एकतर्फी हुकूमनामा झाला तर रद्द करून घ्यायला हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवसांत अर्ज आणि सबळ कारण लागतं. आणि कुत्रं कुठंतरी घाटात सोडून देऊ नका. आपलं जनावर टाकून देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि घरात वाढलेलं कुत्रं रस्त्यावर फार दिवस जगत नाही.

९. भटक्या कुत्र्यानं चावलं तर पैसे कुणाकडं मागायचे?

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं स्थानिक संस्थेचं काम आहे, म्हणून जबाबदारी महापालिका किंवा नगरपरिषदेकडं जाते. लगेच लेखी तक्रार द्या, केसपेपर जपा. महापालिकेवर दावा करायचा तर आधी एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा असं त्या कायद्यात आहे, तीन वर्षं आहेत म्हणून बसलात तर गाडी चुकते. नगरपरिषदेलाही वेगळी नोटीस लागते. दुसरा मार्ग हायकोर्टात रिट, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालाय, सातारा-सांगलीच्या माणसाला आता मुंबईला जायला लागत नाही. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये असा हिशोब ठरवला होता, तो व्हॉट्सअॅपवर फिरत असतो, पण तो तिकडचा आहे, इथं तो नुसता दाखला म्हणून वापरता येतो.

१०. मी रोज गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालते. लोक शिव्या देतात, अंगावर येतात. माझ्यावर केस होईल का?

ताई, खायला घालणं हा गुन्हा नाही. पण जागा आता महत्त्वाची झालीय. २०२३ च्या नियमांत सोसायटीनं किंवा स्थानिक संस्थेनं खाऊ घालायच्या जागा ठरवायच्यात, आणि सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानंतर ठरलेल्या जागेशिवाय रस्त्यात घालू नये असं आहे. म्हणून लेखी अर्ज देऊन जागा ठरवून घ्या, शाळेच्या दारात, जिन्यात नको, आणि उरलेलं उचला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री हलवायला सांगितलीत, तिथं वाद घालू नका. शिवीगाळ, धमकी, धक्काबुक्की झाली तर ती वेगळी पोलीस तक्रार आहे, त्याला कुत्र्यांचा संबंध नाही.

११. कुणीतरी आमच्या कुत्र्याला विष घातलं. संशय आहे पण पुरावा नाही.

मन घट्ट करून एक काम करा, पुरू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पोस्टमॉर्टेम करून घ्या आणि व्हिसेरा, म्हणजे विष तपासायला काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायला सांगा. उलटी, खाल्लेला तुकडा पिशवीत ठेवा, शेजारचं सीसीटीव्ही त्याच दिवशी मागून घ्या कारण त्यावर पुढचं रेकॉर्डिंग चढत जातं. न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली कुठल्याही जनावराला मारणं, विष घालणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे, भटक्या कुत्र्यालाही हे लागतं. संशयितावर खुलेआम आरोप करत स्टेटस टाकू नका, तुमच्यावरच बदनामीची केस येते.

१२. गाडीखाली कुत्रं आलं. लोकांनी गाडी अडवून पैसे मागितले. द्यायला लागतात का?

मुद्दाम घातली नसेल तर कलम ३२५ बसत नाही. मुंबई हायकोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये एका डिलिव्हरी करणाऱ्या पोरावरचा असाच गुन्हा रद्द केला, भरधाव चालवण्याचं कलम माणसाच्या जिवासाठी आहे असं सांगितलं आणि सरकारलाच २०,००० रुपये द्यायला लावले. तरी थांबा, जनावराला दवाखान्यात न्या. पाळीव असेल आणि तुम्ही खरंच बेफाम चालवत असाल तर मालक दिवाणी भरपाई मागू शकतो, पण रस्त्यावर मोकळं का सोडलं हा प्रश्न त्यालाही येतो.

१३. पिल्लू विकत घेतलं, आठ दिवसांत गेलं. दुसऱ्या एकाचं म्हणणं डॉक्टरनं चुकीचं इंजेक्शन दिलं. ग्राहक मंचात चालेल का?

दोन्ही चालतात. पैसे देऊन घेतलेलं पिल्लू आणि पैसे देऊन घेतलेली सेवा, दोन्ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसतात. जिल्हा आयोग सातारा आणि सांगली दोन्हीकडं आहे, मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सरकारी दवाखान्यात पूर्ण फुकट उपचार झाले असतील तर मात्र ग्राहक म्हणून जाता येत नाही.

ब्रीडरबद्दल: राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, असं २०१७ चे नियम सांगतात. गुगल पे करून रस्त्याकडंला हातात ठेवलेलं पाच आठवड्यांचं पिल्लू घेतलं की पावती नाही, पत्ता नाही, केस करायची कुणावर. डॉक्टरांच्या बाबतीत केसपेपरची झेरॉक्स आणि दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागतं, जनावर वाचलं नाही म्हणजे चूक झालीच असं नसतं.

१४. पिटबुल, रॉटवायलरवर बंदी आहे ना?

केंद्रानं १२ मार्च २०२४ ला २३ जातींबद्दल पत्रक काढलं होतं, कर्नाटक हायकोर्टानं एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. नुसती जात बघून घरातलं कुत्रं उचलून नेता येत नाही. पण मोठ्या ताकदीच्या जातीला प्रश्न ६ मधली काळजी दुप्पट लागते हे कोर्ट नक्की बघतं.

१५. घरात पोपट आहे, बारा वर्षं झाली. कासव पण आहे. चालतं ना?

नाही चालत. आपला हिरवा पोपट आणि स्टार कासव वन्यजीव कायद्यात येतात, पाळणं गुन्हा आहे, पोपटाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, कासव तर पहिल्या अनुसूचीत आहे, तिथं शिक्षा आणखी कडक. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नागांचे खेळ थांबले ते याच कायद्यामुळं. स्वतःहून वनविभागाला कळवा आणि ताब्यात द्या. खिडकीतनं उडवून देऊ नका, बारा वर्षं पिंजऱ्यातला पोपट बाहेर जगत नाही. परदेशी पक्षी, लव्हबर्ड वगैरे चालतात, काही जातींना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

१६. आमच्याकडं कारवानी कुत्री आहेत. जत्रेत पळवतो, कधी रानात सशामागं सोडतो. वडील-आजोबांपासून चालत आलंय.

सशामागं सोडणं ही शिकार आहे, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा, तुम्ही हातात काही धरलं नसलं तरी. शर्यतीचं: क्रूरतेच्या कायद्यातली २०१७ ची महाराष्ट्राची दुरुस्ती आणि १८ मे २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बैलगाडी शर्यतीसाठी आहे, कुत्र्यांच्या शर्यतीला ती सवलत नाही. कुत्र्यापुढं जिवंत प्राणी टाकणं किंवा झुंज लावणं त्याच कायद्याच्या कलम ११ मध्येच येतं. कारवानीसारखी जात आपल्या भागानं जपलीय याचा मला अभिमान आहे, तिला मोकळ्या रानात नुसतं पळवा, तेवढ्यानं ती खूश असते.

१७. शेजाऱ्याच्या म्हशी ऊसात शिरतात. बांधून ठेवल्या तर चालतंय का?

घरी बांधून ठेवायच्या नाहीत. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यानं नुकसान करणारी गुरं धरता येतात, पण चोवीस तासांत कोंडवाड्यात न्यावी लागतात. दूध काढून घेतलं, मारलं, तर तुम्हीच गुन्हेगार. धरताना कुणी जबरदस्तीनं सोडवून नेलं तर त्याला सहा महिने कैद किंवा ५०० रुपये दंड आहे. पिकाच्या नुकसानीसाठी पंचनामा, फोटो, सातबारा घेऊन दावा, प्रश्न ७ प्रमाणं. गावात कोंडवाडा नावालाच उरला असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्या, म्हणजे तुम्ही डांबून ठेवलं असं म्हणता येत नाही.

१८. आम्ही नवराबायको वेगळे होतोय. कुत्रा कुणाकडं राहणार?

मुलांच्या ताब्याचा कायदा जनावराला लागत नाही, कायद्याच्या नजरेत ते जंगम मालमत्ता आहे. विकत घेतल्याची पावती, नोंदणी, लसीच्या कार्डावरचं नाव आणि रोज कोण सांभाळत होतं याला वजन येतं. कौटुंबिक न्यायालयात मालमत्तेच्या वादात हा मुद्दा घेता येतो. समुपदेशकासमोरच ठरवा आणि संमतीच्या अटींमध्ये खर्चासकट लिहून घ्या. त्या जिवाला तारखा कळत नाहीत, तो दारात बसून वाट बघत असतो, एवढं दोघांनी लक्षात ठेवावं.

१९. आमचा हरवलेला कुत्रा दोन महिन्यांनी सापडला, पण ज्यांनी सांभाळला ते म्हणतात औषधाला चौदा हजार घातलेत, आधी द्या. चोरीची केस करू का?

चोरी नाही ही. करार कायद्याच्या कलम १६८ प्रमाणं सापडलेली वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला खर्च केला असेल तर तो मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा हक्क सापडणाऱ्याला आहे. मात्र तो त्या पैशासाठी तुमच्यावर दावा करू शकत नाही, फक्त अडवून धरू शकतो. तुम्ही बक्षीस जाहीर केलं असेल तर तेवढ्यासाठी दावा करता येतो. मालक कोण हे कळूनही त्यांनी लपवलं किंवा विकायला काढला तर मात्र न्याय संहितेचं अपहाराचं कलम ३१४ लागतं. म्हणून बिलं मागा, खरी असतील तर द्या, पावती घ्या आणि कुत्रा घरी आणा. बिलं दाखवतच नसतील तर जंगम मालमत्ता परत मिळण्याचा दावा टाका, त्यात कुत्रा विकू किंवा दुसरीकडं हलवू नये म्हणून निशाणी पाच पहिल्याच दिवशी द्या.